नळाचं पाणी, मतदार यादी आणि प्रभागातली चार मतं

सिंहगड रस्त्यालगतच्या एका गावातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचं गाव २०२१मध्ये पुणे महापालिकेत आलं. १५ जानेवारी २०२६ला त्यांनी महापालिकेसाठी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. सासरे जाऊन तीन वर्षं झाली तरी त्यांचं नाव यादीत होतं, आणि नवऱ्याचं नाव शेजारच्या प्रभागात गेलं होतं. आता पावसाळ्याच्या तोंडावर घरी पत्रकं येतात: पाणी उकळून प्या, कोरडा दिवस पाळा. त्या विचारतात, "निवडून दिलेल्या चौघा नगरसेवकांकडे आरोग्याचं नेमकं काय मागायचं? आणि मत देऊन नळाचं पाणी खरंच बदलतं का?"

मी बत्तीस वर्षं एका दुसऱ्या महानगरपालिकेच्या आरोग्य खात्यात काढली. स्वच्छता निरीक्षक म्हणून लागलो, पुढे साथरोगांच्या कामात गेलो, आणि दर निवडणुकीला मतदान केंद्रावरची ड्यूटी केली. त्यामुळे तुमच्या प्रश्नातली दोन्ही टोकं माझ्या ओळखीची आहेत.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, पाणी बदलतं. फक्त तुम्ही निवडून दिलेल्या माणसाच्या हातात तुमच्या गल्लीच्या पाण्याचा लेखी पुरावा असावा लागतो. "आमच्याकडे घाण पाणी येतं" एवढंच त्याच्या कानावर गेलं, तर तो बहुतेक वेळा टँकर पाठवतो. "अमुक गल्लीत, शेवटच्या चार घरांत, गेल्या दहा पुरवठ्यांपैकी सहा वेळा नळाला क्लोरीन शून्य" असा कागद हाती असेल, तर त्याला अभियंत्याला गाठावंच लागतं, आणि अभियंत्यालाही उत्तर द्यावं लागतं. हा फरक मी इतक्या वेळा पाहिला आहे की बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं धरून ठेवा.

तुमच्या भागाचं उदाहरण तुमच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. आधी पोट बिघडतं, जुलाब होतात, आणि एक-दोन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जाते. पायांतली ताकद जाते, अशक्तपणा वर चढत जातो, आणि श्वासाचे स्नायू ढिले पडले तर माणूस व्हेंटिलेटरवर जातो. पुण्यातल्या रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जाणारे. म्हणून सगळ्यांचं लक्ष तुमच्या भागातल्या विहिरीवर, टँकरवर आणि खासगी आरओ प्रकल्पांवर गेलं.

त्या वेळी पुण्यात एकही नगरसेवक पदावर नव्हता. आधीच्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ला संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. तुमचं गाव ज्या २३ गावांत होतं, ती ३० जून २०२१ला महापालिकेत आली. त्याआधीची महापालिका निवडणूक फेब्रुवारी २०१७मध्ये झालेली. म्हणजे तुमच्या गावांची ग्रामपंचायत गेली, महापालिकेचा कर लागू झाला, साथ येऊन गेली, आणि या सगळ्या काळात महापालिकेत तुम्ही निवडून दिलेलं एकही माणूस नव्हतं. नगरसेवक असते तर साथ आलीच नसती असं मी म्हणणार नाही. पण "आमच्या पाण्यावर शुद्धीकरण होतं का, की नुसतं क्लोरीन टाकतात?" हा प्रश्न सभागृहात उभं राहून विचारायला कोणी नव्हतं, ही गोष्ट मला अजून टोचते.

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते नीट समजून घ्या. क्लोरीन गढूळ पाण्यात नीट काम करत नाही. मातीचे कण आणि सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकतात आणि जंतू त्या कणांच्या आड सुरक्षित राहतात. म्हणून आधी तुरटी, मग गाळणी, आणि सगळ्यात शेवटी क्लोरीन असा क्रम असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजायचं एकक) असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५पर्यंत चालवून घ्यावा, असं म्हटलं आहे. ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जिवाणू, १०० मिलीलिटरमध्ये एकही चालत नाही. आणि नळाशी पोहोचणाऱ्या पाण्यात मुक्त उर्वरित क्लोरीन, म्हणजे घाणीशी लढून उरलेलं आणि अजून जंतू मारू शकणारं क्लोरीन, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम लागतं. विषाणूंची भीती असेल तेव्हा किमान ०.५. "नळाशी" हा शब्द लक्षात ठेवा. टाकीवर क्लोरीन भरपूर असतं, कारण ते तिथेच टाकतात. संरक्षण मिळतं की नाही ते कळतं लाइनच्या शेवटच्या घरात.

आमच्याकडे यासाठी ओटी चाचणी करत. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग किती येतो ते लगेच, पहिल्या दहा सेकंदांत, शेजारच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचं. उशिरा पाहिलं की आकडा फसवतो, कारण मग घाणीशी बांधलं गेलेलं क्लोरीनसुद्धा रंग दाखवू लागतं. नळीतलं पाणी ओतून द्यायचं, ते विषारी असतं. हल्ली डीपीडी गोळीची पेटी मिळते, तिच्यात रंग गुलाबी येतो. एका सोसायटीने किंवा गल्लीने मिळून ती घेतली तर घरटी खर्च फारसा येत नाही.

चाचणी कुठे आणि कधी करायची हे यंत्रापेक्षा महत्त्वाचं. इमारतीच्या टाकीतल्या पाण्याची केलीत तर पालिका म्हणेल, टाकी तुमची, घाण तुमची. ते बरोबरही असेल. म्हणून टाकीच्या आधी, थेट लाइनवरच्या नळाला करा. आणि पाणी सुटल्यापासून पहिल्या काही मिनिटांत करा. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पुरवठा बंद झाला की लाइनमधला दाब जातो, आणि जिथे सांधा गळतो तिथून आजूबाजूचं पाणी उलटं आत ओढलं जातं. आजूबाजूला ड्रेनेजचं चेंबर असेल तर काय ओढलं जात असेल ते सांगायला नको. पुढचा पुरवठा सुरू होताना ते सगळं आधी बाहेर येतं. वॉलमनला हे पक्कं माहीत असतं. त्याच्याशी ओळख ठेवा, गळक्या सांध्यांची माहिती त्याच्याकडे कार्यालयातल्या नकाशापेक्षा जास्त असते.

एक प्रसंग सांगतो. माझ्या नोकरीतल्या एका जुन्या वस्तीत काविळीचे रुग्ण निघू लागले. हिपॅटायटिस ई. या काविळीचा त्रास असा की विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे रुग्ण आज दिसतोय, पण पाणी घाण झालं होतं महिन्यापूर्वी. आम्ही गेलो, नमुने घेतले, सगळे चांगले आले. अभियंत्यांनी सांगितलं, लाइन ठीक आहे. आणि त्या दिवशी ती ठीकच होती. दोन गर्भवती महिला आजारी होत्या आणि हिपॅटायटिस ई गर्भारपणात जिवावर बेतू शकतो. आम्हाला झोप नव्हती.

त्या वस्तीत एक आजी होत्या. त्यांनी दुधाच्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर पाणी कधी सुटलं, किती वेळ होतं, वास आला का, रंग कसा होता, हे दोन महिने लिहून ठेवलं होतं. कोणी सांगितलं म्हणून लिहिलं नव्हतं. सून पाणी भरायला उठायची, तिची झोपमोड किती होते ते मुलाला दाखवायला लिहीत होत्या. त्या वहीत पाच आठवड्यांपूर्वीच्या चार दिवसांवर "वास" असं लिहिलेलं सापडलं. त्या चार दिवसांत काय झालं होतं हे शोधलं तेव्हा कळलं की केबलसाठी रस्ता खोदला होता, आणि बुजवताना लाइनचा सांधा हलला होता. पुन्हा खोदलं. पाण्याची लाइन आणि ड्रेनेज यांच्यामध्ये वीतभरही अंतर नव्हतं. सांधा बदलला, लाइन धुतली, जादा क्लोरीन सोडलं. नवे रुग्ण लगेच थांबले नाहीत, कारण आधी पाणी प्यायलेल्यांची लक्षणं अजून यायची होती. लोक आमच्यावर चिडले, काम होऊनही माणसं आजारी कशी पडतात म्हणून. त्यांना तो हिशोब समजावण्यात माझे तीन आठवडे गेले. दोघी गर्भवती वाचल्या.

तेव्हापासून मी प्रत्येक वस्तीत सांगतो: वही ठेवा. तारीख, पाणी सुटण्याची वेळ, वास, रंग, क्लोरीन मोजलं असेल तर आकडा, आणि गल्लीत त्या आठवड्यात कोणाला जुलाब झाले असतील तर घरांची संख्या, नावं नकोत. ही वही तुमच्या नगरसेवकासाठी सगळ्यात मोठी भेट आहे.

आता आरओबद्दल दोन शब्द, कारण साथीनंतर तुमच्या भागात जारचं पाणी विकत घेणारी घरं वाढली असतील. आरओच्या आधीची कार्बन गाळणी पाण्यातलं क्लोरीन काढून टाकते. त्यामुळे आरओतून निघालेलं पाणी स्वच्छ असलं तरी उघडं असतं, त्याला पुढे कोणतंही कवच नाही. जार नीट धुतला नाही, तोटीला हात लागला, दोन दिवस तसंच राहिलं, की जंतू वाढतात. २०२५मध्ये तुमच्या भागातले काही खासगी आरओ प्रकल्प पालिकेने बंद केले ते नमुने दूषित निघाल्यावर. शंका असेल तेव्हा पाणी खळखळ उकळा आणि त्याच भांड्यात झाकून ठेवा. पत्रकातला हा सल्ला जुना आहे आणि अगदी बरोबर आहे.

कोरड्या दिवसाचं थोडक्यात. डेंग्यूचा एडिस डास घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, ती कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. घासावं लागतं. धुराची फवारणी उडते डास मारते, अळ्यांना काहीही करत नाही. नगरसेवकाकडे धुराची गाडी मागू नका. कंटेनर सर्वेक्षणात, म्हणजे घरोघरी पाण्याची भांडी तपासतात त्यात, तुमच्या गल्लीत किती घरं तपासली आणि किती घरांत अळ्या सापडल्या, तो आकडा दर आठवड्याला मागा.

आता त्या चौघांचं. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत. एक प्रभाग पाच सदस्यांचा, बाकीचे चार-चारांचे. तुम्हाला यंत्रावर चार मतं का द्यावी लागली ते हेच: अ, ब, क, ड या चार जागांसाठी वेगवेगळी. केंद्रावर मी पाहिलं आहे की लोक एक बटण दाबून वळतात, आणि यंत्र वाजत नाही म्हणून अधिकारी त्यांना परत बोलावतो. उमेदवार नको असेल तरी त्या जागेच्या नोटावर बोट ठेवावं लागतं. चार माणसं असण्यातला तोटा असा की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. म्हणून चौघांना एकच पत्र द्या, एकाच तारखेला, आणि पत्रात चौघांची नावं लिहा. पोच घ्या.

नगरसेवक स्वतः पाइप बदलू शकत नाही. अंमलबजावणी आयुक्तांची. नगरसेवकाच्या हातात तीन गोष्टी आहेत: अंदाजपत्रक, सभागृहातला प्रश्न आणि प्रभाग समिती. पाणीपुरवठा, मैल्याची विल्हेवाट आणि साथरोगांना आळा ही महापालिकेची कायद्याने बंधनकारक कामं आहेत. बाकं, कमानी आणि शोभेची कामं त्या यादीत नाहीत. पुण्यात नगरसेवकांच्या 'स' यादीतून, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांच्या निधीतून, बाकं, कापडी पिशव्या, नामफलक यांवर किती पैसा गेला याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. नव्या सभागृहात तुमच्या चौघांनी 'स' यादीतला पहिला पैसा तुमच्या भागातल्या गळक्या लाइनवर टाकावा, ही मागणी अगदी रास्त आहे. तुम्ही स्वतःसुद्धा काम सुचवू शकता. पुण्यात २००६पासून सहभागी अंदाजपत्रक आहे, त्यात नागरिक पाच लाख रुपयांपर्यंतची कामं क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन सुचवतात. फार लोक पदपथ आणि बाकंच सुचवतात. तुम्ही ड्रेनेजला खेटून गेलेली एखादी लाइन दुसरीकडून नेण्याचं सुचवा.

पत्रात काय मागायचं? तुमच्या भागातल्या पाण्याचा स्रोत कोणता आणि त्यावर शुद्धीकरणाचे कोणते टप्पे होतात, हे लेखी. शेवटच्या टोकाच्या किमान पाच ठिकाणांची रोजची क्लोरीन नोंद, क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर. जंतूंसाठी घेतलेल्या नमुन्यांचे मागच्या सहा महिन्यांचे निकाल. नमुना घेण्याआधी तोटी ज्योतीवर जाळून जंतूमुक्त करून घेतली का आणि बाटली बर्फात ठेवून किती तासांत प्रयोगशाळेत पोहोचली, हेही विचारा. त्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट असावं लागतं. नाहीतर पाण्यातलं क्लोरीन वाटेतच जंतू मारत राहतं आणि निकाल खोटा चांगला येतो. ही माहिती मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शिवाय २००९च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बसवून ऐकायचं, अशी. ती भरताना फारशी कुठे दिसत नाही, पण तुम्ही मागितली तर नाही म्हणायला कारण नाही.

यादीचा घोळ मी मुद्दाम शेवटी ठेवला, पण तो कमी महत्त्वाचा नाही. महापालिकेची वेगळी मतदार नोंदणी नसते. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत फोडतात. या वेळी १ जुलै २०२५ची यादी धरली होती. राज्य निवडणूक आयोग त्यात नवं नाव घालत नाही आणि असलेलं काढतही नाही. दुबार वाटलेल्या नावांपुढे दोन तारे लावले, एवढंच. त्यामुळे सासऱ्यांचं नाव काढायचं काम विधानसभेच्या यादीत, आजच, फॉर्म ७ भरून करावं लागेल. सोबत मृत्यू दाखल्याची प्रत जोडा आणि बीएलओकडे (तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) द्या किंवा ऑनलाइन भरा. मृत्यूची नोंद पालिकेत झाली म्हणून नाव आपोआप गेलं, असं धरून चालू नका. तुमच्याकडे दाखला आहे ना, तेही तपासा. २१ दिवसांत नोंद न झालेल्या मृत्यूंचे दाखले काढताना घरच्यांची किती दमछाक होते ते मी जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसून पाहिलं आहे.

नवऱ्याचं नाव शेजारच्या प्रभागात जाण्याचं कारण बहुधा पत्ता. यादी फोडणारा कर्मचारी घराघरांत फिरत बसत नाही, तो यादीतल्या पत्त्यावरून अंदाज बांधतो. गावात पत्ता "मु. पो. अमुक" एवढाच असेल आणि प्रभागाची हद्द गावाच्या मधून जात असेल, तर नवरा-बायको दोन प्रभागांत जातात. पुण्यात या वेळी अशा हजारो हरकती आल्या. प्रारूप यादी २० नोव्हेंबर २०२५ला लागली आणि हरकतींची मुदत वाढवूनही ३ डिसेंबरलाच संपली. ती खिडकी पुन्हा पुढच्या निवडणुकीआधीच उघडेल. तोवर फॉर्म ८ भरून पत्ता दुरुस्त करा: गट क्रमांक, गल्ली, इमारत, घर क्रमांक, आणि घरातल्या सगळ्यांचा अक्षर न् अक्षर सारखा. नवऱ्याला आत्ता वाटत असेल की आपला नगरसेवक शेजारच्या प्रभागातला. तसं नाही. तो राहतो तिथल्या पाण्याबद्दल त्याने तुमच्या प्रभागातल्या चौघांनाच पत्र द्यावं, सही करावी, आणि पत्ता तोच लिहावा जो फॉर्म ८मध्ये लिहिला.

तो पूर्ण पत्ता पाणीपट्टीच्या बिलावर, मिळकत कराच्या बिलावर आणि क्लोरीनच्या वहीवरही एकसारखाच असू द्या. साथ आली की आरोग्य सेवक पहिला नकाशा घरांच्या पत्त्यांवरूनच काढतो. पत्ता अर्धवट असेल तर ठिपका चुकीच्या गल्लीत पडतो, आणि मग खोदकामही चुकीच्या गल्लीत होतं.

पुढच्या पुरवठ्याच्या दिवशी पाणी सुटलं की घड्याळ पाहा आणि वहीचं पहिलं पान सुरू करा. दोन आठवडे भरले की त्या पानांच्या चार प्रती काढा आणि त्या पत्राला जोडा.